कुणीतरी दुसरा सूर देतंय

कॅर्डला, ४ जानेवारी

मेरिके,

नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडता चुलीत टाकशील, हे गृहीत धरूनच लिहायला बसले आहे. टाकायचंच असेल तर निदान हे पहिलं पान वाचून टाक.

आपल्या हियुमा बेटाच्या पेपरात परवा बातमी होती. उन्हाळ्यात तालिनला होणाऱ्या गीतमहोत्सवासाठी आमच्या बाजूच्या गायनवृंदांची निवड सहा मार्चला हापसालुला आहे. समितीत तीन नावं. तिसरं तुझं. तार्तूत राहणाऱ्या बाईला एवढ्या लांबची समिती कशी मिळाली, याचा मी दोन दिवस विचार करते आहे. तुला दिली, की तू मागून घेतलीस?

मी विनंती करायला लिहीत नाही, हे आधीच स्पष्ट करते. चौतीस वर्षं हा वृंद माझ्या हाताखाली गातो आहे आणि एकाही निवडीतून रिकाम्या हातांनी परतलेला नाही. या वर्षी तसं झालं, तर ते का झालं हे मला शोधत बसावं लागणार नाही. एवढंच तुझ्या कानावर घालून ठेवते.

जुन्या प्रकरणाबद्दल माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही. तू इथून गेलीस ती तुझ्या पायांनी गेलीस. तुझ्याविरुद्ध मी कुठे एक शब्द बोललेली नाही.

एर्ना वाहत्रा


कॅर्डला, १७ जानेवारी

मेरिके,

उत्तर नाही. ठीक आहे. समितीतल्या माणसाने उमेदवाराशी पत्रव्यवहार करू नये, असा नियम असेल. नसला तरी तू तो काढशील.

तरीही लिहिते आहे, कारण इथे जे चाललंय ते ज्याला कळेल असं बेटावर दुसरं कुणी नाही. ज्यांना कळतं ते त्यात सामील आहेत.

माझ्या वृंदात कुणीतरी दुसरा सूर देतंय.

मी सूर कसा देते ते तू लहानपणापासून पाहिलं आहेस. आपटला की नेमका स्वर देणारा नादकाटा मी आयुष्यात खिशात ठेवला नाही. मला स्वर आठवावा लागत नाही, तो समोर उभा असतो, ओळखीच्या माणसासारखा. मी हळूच गुणगुणते, चारही गटांना त्यांचा त्यांचा स्वर देते, हात उचलते. आणि हात खाली येतो तेव्हा एकोणतीस तोंडांतून जो सूर निघतो तो मी दिलेला नसतो! अर्धा स्वर चढा असतो. अगदी सगळ्यांचा, एकसाथ. चूक एकाची होते, दोघांची होते. एकोणतीस माणसं एकदम सारखीच चूक करत नाहीत. त्याला चूक म्हणत नाहीत.

मंगळवारी मी एकेकाला पुढे बोलावून गायला लावलं. "इतक्या वर्षांनी परीक्षा?" असं वरच्या आवाजाच्या सोप्रानोंतली एक जण कुजबुजली, ते मी ऐकलं. पोरींनो, मी म्हटलं, पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? वृंदात गळ्याच्या आधी कान येतो. शेजारणीचा आवाज स्वतःच्या आवाजापेक्षा मोठा ऐकू आला पाहिजे. ज्याला फक्त स्वतःचाच ऐकू येतो तो एकतर चुकतोय नाहीतर मिरवतोय. मग मला सांगा, तुम्ही कुणाचं ऐकताय? कारण माझं तर ऐकत नाही.

लेम्बित तुला आठवत असेल, फेरीबोटीवर होता तो, खालच्या आवाजाच्या बासमध्ये अगदी कडेला उभा राहणारा. आता निवृत्त आहे. तो म्हणाला, "बाई, आमची काय हिंमत! तुम्ही द्याल तो सूर आम्ही घेणार." हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. उल्वीकडे बघत होता.

उल्वी तू गेल्यावर आली. शाळेत गाणं शिकवते, पन्नाशीला टेकली आहे, माझी मदतनीस म्हणून तिचं नाव कागदावर आहे. बायकांच्या मधल्या आवाजाच्या, आल्टोच्या रांगेत भिंतीला टेकून उभी असते. सरावाच्या आधी सगळ्यांची कॉफी करते, माझ्या कपात न विचारता दोन चमचे साखर घालते. इतकं गोड वागणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं. तिचा उजवा हात गाताना कायम स्वेटरच्या खिशात असतो. खिशात काय आहे?

एर्ना वाहत्रा


कॅर्डला, ३० जानेवारी

मेरिके,

तुझं कार्ड पोचलं. पाकिटात घालायचं सोडून उघडं पाठवलंस, त्यामुळे माझ्याआधी टपालवाल्या बाईने वाचलं. दारात उभी राहून मलाच विचारते, "मेरिके बरी आहे ना? तुम्ही पुन्हा बोलायला लागलात वाटतं!" संध्याकाळपर्यंत किराणाच्या दुकानातही कळलं होतं.

"बाई, हियुमाचा वृंद गाईल तेव्हा मी समितीत बसणार नाही. तसं कळवून टाकलं आहे. कारण तुम्हाला माहीत आहे."

मी हे कार्ड चार वेळा वाचलं. 'बाई' लिहिलंस. ते सवयीने लिहिलंस की टोमणा आहे, ते अक्षरावरून कळत नाही. आणि 'कारण तुम्हाला माहीत आहे' म्हणजे काय? मला कुठलंही कारण माहीत नाही. बाजूला होऊन तू माझ्यावर उपकार करते आहेस, की आम्ही पडणार हे तुला आधीच कळलं आहे आणि त्यात तुझा हात दिसू नये असं तुला वाटतं?

इकडे आता पियानोही त्यांच्या बाजूने गेला आहे. हसू नकोस. काल मी एकटीच सभागृहात बसून पट्ट्या दाबून पाहिल्या. सगळा पियानो चढा. कुणीतरी मला न विचारता तो वर ओढून घेतला आहे. मी ओस्कारला बोलावलं. तोच तो, हापसालुहून पियानो लावायला येतो. त्याने नादकाटा गुडघ्यावर आपटला, कानाला लावला, पट्टी दाबली.

"बाई, बरोबर आहे. केसभरही वर नाही."

"मग तुझा काटा चुकीचा असेल."

"लोखंडाचा तुकडा आहे हा, बाई. त्याला कुणाशी भांडायचं नसतं."

त्याने पैसे घेतले नाहीत. काही केलंच नाही तर कसले घेऊ, म्हणाला. जाताना उल्वीशी दारात बोलत उभा होता. मी खिडकीतून पाहिलं. उल्वी मान हलवत होती.

मी वेडी झालेय असं तुला वाटत असेल, म्हणून एक सांगते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वृंद हातात घेतल्याच्या तिसऱ्या वर्षी, नाताळात, आम्ही नऊ जण एका गोठ्यात जमून एक प्रार्थनागीत गायलो होतो. दार बंद, दिवा झाकलेला. तेव्हाच्या राज्यात ते गाणं म्हणणं गुन्हा होता. चार दिवसांनी मला गुप्त पोलिसांच्या कचेरीत बोलावलं. टेबलामागच्या माणसाने आमची नऊ नावं वाचून दाखवली. नावं कुणीही सांगितली असती गं. पण त्याने ती आम्ही उभे होतो त्या क्रमाने वाचली. डावीकडून उजवीकडे. तो क्रम फक्त आम्हा नऊ जणांना ठाऊक होता. त्यातला कोण, ते आजपर्यंत कळलं नाही. त्यांतले सहा आता चर्चमागे पुरलेले आहेत, आणि प्रत्येकाच्या अंत्यविधीला गाताना माझ्या मनात तोच एक प्रश्न होता.

तेव्हापासून मी रांगा लावते तेव्हा नुसते आवाज बघत नाही. कोण कुणाच्या कानाला लागतं, तेही बघते.

एर्ना वाहत्रा


कॅर्डला, ११ फेब्रुवारी

मेरिके,

पकडलं. काल पकडलं.

सराव सुरू झाला, मी पंधरा मिनिटं त्यांच्याकडून ओठ मिटून गुंजन करून घेतलं, आणि मग म्हटलं, "उल्वी, शाळेत माझी हिरवी फाइल राहिली आहे, घेऊन ये."

"आत्ता, बाई? सराव संपल्यावर आणू का?"

"आत्ता."

ती निघाली. दारातून तिने मागे वळून लेम्बितकडे पाहिलं. मी सूर दिला. हात खाली आणला. आणि मेरिके, कुणीही गायलं नाही! एकोणतीसमधली एक गेलेली, अठ्ठावीस माणसं तोंड अर्धवट उघडून उभी, परीक्षेत कॉपी करणाऱ्याच्या शेजारचा उठून जावा तशी. मी पुन्हा सूर दिला. या वेळी त्यांनी तो घेतला, माझा घेतला, बरोबर मी दिला तोच. मला वाटलं, जिंकले.

गाणं आठ ओळीही टिकलं नाही. बायकांचे आवाज ओल्या कपड्यासारखे लोंबायला लागले. तिसऱ्या ओळीत बासला खर्जात उतरायचं असतं, तिथे आवाजच नव्हता, नुसती हवा. लेम्बितने हात वर केला.

"बाई, तळाला लागलो. याच्या खाली फक्त मासे आहेत."

कुणी हसलं नाही. मी विचारलं, "दुसरा सूर कोण देतं?"

शेगडीत लाकूड फुटल्याचा आवाज आला तेवढाच. मग लेम्बितच बोलला. "उल्वी देते. तुमचा झाला की हळूच. तिच्याकडून आल्टो घेतात, त्यांच्याकडून बाकीचे. दोन वर्षं होतील. तिने आपणहून नाही केलं, आम्ही तिच्या मागे लागलो."

"का?"

"तुम्ही देता तो खाली असतो, बाई."

मी कोट घातला. बटणं न लावताच निघाले. दारात उल्वी हिरवी फाइल घेऊन उभी. फाइलवर बर्फ पडला होता आणि ती बाहीने पुसत होती. मी तिच्या बाजूने बाहेर पडले.

दोन वर्षं. माझ्या पाठीमागे नाही, माझ्या तोंडासमोर. मी हात हलवत होते आणि ते दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकत होते. त्या गोठ्यातला निदान एक होता. इथे एकोणतीस आहेत.

मी त्यांना राजीनामा पाठवला आहे. आणि तू! तुला हे कुणीतरी कळवलं असणार. म्हणून बाजूला झालीस. 'कारण तुम्हाला माहीत आहे.' सांग, कोण लिहितं तुला?

एर्ना


कॅर्डला, १९ फेब्रुवारी

मेरिके,

हे पत्र लिहायला मी तीन दिवस घेतले आहेत. आधीच्या दोन प्रती फाडल्या. दोन्हींत मी स्वतःला सोडवून घेतलं होतं.

राजीनामा पाठवल्यावर पाचव्या दिवशी उल्वी दारात आली. मी दार उघडलं पण वाटेत उभी राहिले. ती म्हणाली, "बाई, शिव्या द्यायच्या तर आत घेऊन द्या. बाहेर उणे चौदा आहे." पिशवीत काळा पाव होता आणि धुरावलेले मासे. मी आत घेतलं. कॉफी मी केली, तिला साखर विचारली नाही.

मी विचारलं, "सरळ तोंडावर का नाही सांगितलंस?"

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मी नवी होते तेव्हाच मला सगळ्यांनी एक गोष्ट सांगून ठेवली होती. मेरिकेने सांगितलं होतं म्हणे. तिचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं."

मी तिला म्हटलं, मेरिकेने काय सांगितलं होतं मला आठवत नाही. उल्वीने खिशातून नादकाटा काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि गेली.

मी तो आपटला. कानाला लावला. सगळ्या जगात ज्याने वाद्यं लावतात तो स्वर मला अर्धा स्वर चढा ऐकू आला. पुन्हा आपटला. दहा वेळा आपटला असेल. ओस्कार म्हणाला तसा, त्याला माझ्याशी भांडायचं नव्हतं.

सोमवारी हापसालुला जाऊन कानाच्या डॉक्टरला भेटले. तरुण आहे, नखं स्वच्छ, घाई नाही. त्याने सगळं तपासून सांगितलं की कानाच्या आतला नाजूक भाग वयाने ताठरतो. स्वर ज्यांना नावानिशी ओळखू येतात अशा लोकांना साठीच्या आसपास प्रत्येक स्वर हळूहळू चढा वाटायला लागतो. बाकीच्यांचंही होत असेल, पण त्यांना पत्ता लागत नाही. म्हणजे मला जो स्वर बरोबर वाटतो तो प्रत्यक्षात खाली असतो. मी विचारलं, चष्मा मिळतो तसं काही? तो म्हणाला, याला नाही. मग विचारलं, हे कधीपासून असेल? म्हणाला, एका दिवसात होत नाही, दहा-एक वर्षं तरी चालू असेल.

दहा-एक वर्षं.

आता लिहिते. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या वसंतात, सरावानंतर खुर्च्या रचताना तू मला म्हणाली होतीस, "बाई, आज सूर जरा खाली गेला होता का?" खोलीत आपण दोघीच नव्हतो, दारात चार-पाच जण होते. तू हळू बोललीस, हसून बोललीस. मला आठवतंय. मला नेहमीच आठवत होतं. मी त्याच रात्री ठरवलं की तुला माझी जागा हवी आहे. सात वर्षांची असताना माझ्याकडे आलेली, मी जिचा हात धरून ताल बसवला ती पोर माणसांसमोर मला खाली खेचते आहे. मग मी पुरावे गोळा करत गेले. कोण तुला फोन करतं. कोण तुझ्याबरोबर घरी चालत जातं. सगळे पुरावे मिळाले. शोधायला बसलं की मिळतातच.

आणि महिन्याभराने महोत्सवाच्या कार्यालयाकडून मला पत्र आलं. मुख्य वृंदसंचालकांच्या हाताखाली घ्यायच्या तरुणांत तुझं नाव होतं, तुझ्या शिक्षिकेचं मत त्यांना हवं होतं. तीस हजार माणसांपुढे उभं राहायची संधी. मी पहिल्या पत्रात तुला लिहिलं की तुझ्याविरुद्ध मी एक शब्द बोललेली नाही. बोलले नाही, हे खरं आहे. लिहिलं होतं. 'मेहनती आहे, पण कान भरवशाचा नाही.' सही केली, पत्राची नक्कल काढून ठेवली, आणि पोस्टात स्वतः जाऊन टाकलं.

तुला ते दाखवलं होतं का? कार्डावरच्या त्या ओळीचा अर्थ मला आता लागतो आहे. म्हणजे दाखवलं होतं. आणि तू नऊ वर्षांत कुणालाही सांगितलं नाहीस, कारण सांगितलं असतंस तर बेटावर मला त्याच संध्याकाळी कळलं असतं.

क्षमा मागायची पद्धत मला नीट माहीत नाही. कुणाकडून शिकले नाही आणि कुणाला शिकवली नाही.

एर्ना


कॅर्डला, २७ फेब्रुवारी

मेरिके,

सोबत दोन कागद आहेत. एक नऊ वर्षांपूर्वीच्या त्या पत्राची नक्कल. दुसरी मी आता महोत्सवाच्या कार्यालयाला पाठवलेल्या पत्राची. त्यात लिहिलं आहे की ते मत खोटं होतं, लिहिताना ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं, आणि ज्या कानाबद्दल शंका घ्यायला हवी होती तो माझा होता. याने तुला ते वर्ष परत मिळणार नाही. तुझ्या जागी तेव्हा जो उभा राहिला तो आता कुठे आहे, मला माहीत नाही.

मंगळवारी सरावाला गेले. त्यांनी माझा राजीनामा उघडलाच नव्हता, पियानोवर तसाच ठेवला होता, त्याच्यावर कुणीतरी कप टेकवल्याचा डाग. मी उभी राहिले आणि दोन्ही पत्रं मोठ्याने वाचली. मधे एकदा थांबून पाणी प्यायले, पुढे वाचलं. तुझ्याबरोबर शाळेत असलेल्या दोघी-तिघी रडायला लागल्या. मला वाटलं आता कुणीतरी उठून जाईल. एक जण उठलीही, पण नाक शिंकरून परत आली.

शेवटी लेम्बितने घसा खाकरला. "मग बाई, आता सूर कोण देणार?"

"उल्वी देईल. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाईल असा."

"आणि हात?"

मी म्हटलं, ते मला माहीत नाही.

तेव्हा भिंतीपासून उल्वी म्हणाली, "हाताला काय झालंय? हात ठीक आहेत की तुमचे."

पण ते इतकं सोपं नाही, हे तुला सांगायला नको. ती बरोबर सूर देते, ते बरोबर गातात, आणि माझ्या डोक्यात सगळं गाणं एक पायरी वरून चाललेलं असतं. समोर कागदावर एक स्वर, कानात दुसरा. माझा हात आपोआप त्यांना खाली दाबायला जातो.

अजूनही मधेच मनात येतं की डॉक्टर त्यांना सामील असेल. येतं आणि जातं. पूर्वी येऊन बसायचं.

एर्ना


कॅर्डला, ९ मार्च

प्रिय मेरिके,

तू समितीत नव्हतीस, त्यामुळे कसं झालं ते कुणीतरी तुला सांगायला हवं.

फेरी बर्फात अडखळत होती म्हणून आम्ही गोठलेल्या समुद्रावर आखलेल्या रस्त्याने गेलो, आठ मोटारींतून, बर्फ फुटला तर उडी मारता यावी म्हणून सीटचे पट्टे सोडून, एकमेकांत अंतर ठेवून. लेम्बित माझ्या शेजारी बसला होता आणि सव्वीस किलोमीटर कुरकुरत होता. "तीस वर्षं या पाण्यावर बोट चालवली. आता त्याच्यावरून चाकं न्यायची म्हणजे समुद्राचा अपमान आहे." मग अर्ध्या वाटेत बर्फ खालून करकरला तेव्हा तो गप्प झाला आणि माझी पिशवी घट्ट धरून बसला. माझीच, स्वतःची नाही.

आमचा नंबर चौथा. उल्वीने काटा आपटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा सूर दिला. समितीतल्या एकाने भुवया उचलल्या. आजवर एर्ना वाहत्राच्या वृंदात काटा कुणी पाहिला नव्हता. पहिलं गाणं सगळ्यांना सक्तीचं असलेलं. मी कागद मिटून ठेवला. ऐकणं बंद करता येत नाही, पण मी बघायचं ठरवलं. लेम्बितची छाती कधी भरते, सोप्रानोंच्या खांद्यांत ताण कुठे येतो, शेवटच्या रांगेतली ती नाक शिंकरणारी श्वास कुठे चोरते. चौतीस वर्षांत मी त्यांना इतकं नीट पाहिलं नव्हतं. मी त्यांना नेहमी ऐकत, म्हणजे तपासत आले. बास खर्जात उतरले आणि तिथे पूर्ण, गोल आवाज होता, पायाखालच्या फळ्या थरथरतील असा. माझ्या कानाला तो चुकीचा वाटत होता. लेम्बितचा चेहरा सांगत होता की तो बरोबर आहे. मी चेहऱ्यावर विश्वास ठेवला.

दुसरं गाणं आपल्या पसंतीचं. आम्ही बेटावरची ती वल्ह्याची चाल घेतली होती, मी चार आवाजांत बसवलेली. तिथे मी एक पाऊल मागे सरले आणि उल्वीला म्हटलं, "ये."

"बाई, असं ठरलं नव्हतं."

"नव्हतं. ये लवकर, लोक बघताहेत."

ती पुढे गेली आणि आल्टोच्या रांगेत भिंतीकडे तिची जागा मोकळी झाली. मी तिथे जाऊन उभी राहिले. मी वृंदाच्या रांगेत शेवटची गायले तेव्हा तू माझ्याकडे आलीही नव्हतीस. डोळे मिटून घेतले, म्हणजे स्वरांची नावं दिसत नाहीत, आणि शेजारणीचं ऐकलं. तिच्या आवाजाला लागून गेले. नावं काढून टाकली की स्वर तेवढे त्रास देत नाहीत. उल्वीचा हात माझ्यापेक्षा मऊ आहे. दुसऱ्या कडव्यात ती जरा घाई करते. सांगितलं आहे मी तिला.

आम्ही आत गेलो. पहिल्या श्रेणीत नाही, दुसऱ्या. तीस हजारांत आमचे एकोणतीस उन्हाळ्यात उभे राहतील. तिसावी मी, पण मी रांगेत.

आता खरं कारण लिहिते, ज्यासाठी हे पत्र आहे.

बाहेर कोट घ्यायला गेले तर कोट सांभाळणारी म्हातारी मला म्हणाली, "तुमच्या वेळी एक बाई दाराशी उभी होती. करड्या कोटातली, चाळिशीची. मी म्हटलं आत जा, खुर्च्या आहेत. नको म्हणाली. दाराला कान लावून होती."

मी विचारलं, मग?

"मग त्या दुसऱ्या गाण्याला स्वतःशीच गायला लागली, बारीक आवाजात. पण बिचारीला चाल येत नव्हती हो. शब्द सगळे पाठ, आणि चाल मात्र काहीतरी भलतीच, मधलीच. संपायच्या आधी निघून गेली."

मेरिके, मी त्या म्हातारीला काही समजावलं नाही. शब्द बरोबर आणि चाल मधलीच, अशी त्या गाण्याच्या चार आवाजांतली एकच ओळ आहे. ती आल्टोची, मुख्य चालीखालून जाणारी. एकटी ऐकली तर कुणालाही वाटेल की गाणाऱ्याला येत नाही. मी ती तू आठवीत असताना लिहिली, ती कुठे छापली नाही, तिचे कागद माझ्या कपाटाबाहेर कधी गेले नाहीत. बेटाबाहेर राहणारी, चाळिशीची, ती ओळ पाठ असणारी बाई मला एकच माहीत आहे.

मी आयुष्यभर संशय घेतले आणि प्रत्येक वेळी पुरावा शोधत गेले. हा एकच असा आहे की पुरावा आपणहून चालत आला, आणि मी त्याला हात लावायला घाबरते आहे. ती तू नसशील तर मला कळवू नकोस.

आणि असशील, तर ओळ तुझी अजून पाठ आहे पण दुसऱ्या कडव्यानंतरचा श्वास तू नेहमी लवकर घ्यायचीस. अजून घेतेस का, ते दाराबाहेरून मला कळणार नाही. आम्ही मंगळवारी सहाला जमतो. माझ्या डावीकडे कुणी उभं नसतं.

तुझी बाई